डेपोमागची मोकळी जागा

विमानतळापर्यंतच्या नव्या रेल्वेचं मधलं स्टेशन कुठे बसवायचं, याचा घोळ आठ महिने चालला होता. शेवटी ते बसलं, आणि त्याचा जिना उतरला तो नेमका मामाच्या घरावर. नकाशा आखणारी त्याचीच भाची, त्याच घरात लहानाची मोठी झालेली.

तिने तडक मुख्य अभियंत्यांना गाठलं. "साहेब, हे माझ्या मामाचं घर आहे. हा भाग माझ्याकडे नको."

"बरं झालं सांगितलंत. दुसऱ्याकडे देतो. पण तुमच्या मामांच्या कानावर कोण घालणार?"

ते तिने अंगावर घेतलं.

रविवारी मामाने सगळं ऐकलं आणि नुसता चष्मा पुसत बसला. ओरडला असता तर परवडलं असतं. मामीला दहा वर्षांपासून दिसत नव्हतं. या घरात मात्र ती कुणाचा हात न धरता वावरायची, न सांडता चहा ओतायची. दुसऱ्या घरात तिचं कसं होणार?

"आमच्याच डोक्यावर का गं जिना?" मामीने विचारलं.

"समोर बस डेपोची मागची बाजू आहे ना. त्या आवारात दिवसभर गाड्या धुतात, तिथे जिन्याला जागा नाही."

"कसल्या गाड्या? वर्ष झालं, पाण्याचा आवाज नाही की माणसांची आरडाओरड नाही. रोज खिडकीत बसते मी."

"अगं, पण नकाशात..."

"तुझ्या नकाशाला कान आहेत का?"

मामाला हसू फुटलं.

सोमवारी तिने मामीचं म्हणणं जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. त्यांनी पाहणीला पाठवलं ते ऑफिसातल्या 'फूटपट्टी'ला. स्वतः मोजल्याशिवाय हा गडी कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. संध्याकाळी तो चिखलाच्या बुटांनी परतला.

"गाड्या धुणं शहराबाहेर गेलंय. आवारात शेवाळ माजलंय. आपला नकाशाच शिळा आहे, मॅडम!"

डेपोने होकार द्यायला तीन आठवडे घेतले. तेवढे दिवस तिला घास गोड लागला नाही. मामाला फोन करायचाही धीर होईना. अखेर एका दुपारी पत्र आलं आणि जिना रस्त्यापलीकडे गेला. तिकडे कुणाचंच घर जात नव्हतं.

ती धावतच पोचली. "मामा, राहिलं रे घर!"

मामाने तिला उंबऱ्यावरच जवळ बसवलं. "तोंड उघडलं तर तुलाच बोल लावेन, या भीतीने गप्प होतो गं चिमे."

मग तिचाही बांध फुटला.

"आत येऊन रडा," मामी आतून म्हणाली, "जेवली नसशील तू."

तिने दोनदा वाढून घेतलं आणि मामाच्या पलंगावर पाय न धुता आडवी झाली. मामी चादर घेऊन येईपर्यंत ती घोरायला लागली होती.