उपोषण सोडायचा रस

सत्त्याण्णव साली, तमिळ मुलखातल्या आमच्या भागात एक गारेगार, काचेचं दुकान उघडलं आणि आठवड्याभरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीचा बसथांबा उठून त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. चंद्रमती काकूचे गुडघे तेवढं लांब चालणारे नव्हते. म्हणून तिचे यजमान सेतुमाधव काका, निवृत्त गणित शिक्षक, उपटलेल्या खांबाच्या खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून उपोषणाला बसले. मागणी एकच, थांबा परत द्या.

तीन दिवस कोणी फिरकलं नाही. काकांनी खड्ड्याला सोबत केली. चौथ्या दिवशी बस खात्याचे राममूर्ती साहेब आले. खिशात मंजुरीचा कागद, मागे पेपरचा फोटोग्राफर, हातात त्याच दुकानातला संत्र्याच्या रसाचा पुडा. पुड्याला एक नळी चिकटवलेली. काकांनी रस घ्यायचा, फोटो निघायचा, मग साहेब सही करणार, असं ठरलं होतं.

काकांनी पुडा हातात घेतला, चष्मा पुसला आणि मागचं बारीक अक्षर वाचायला सुरुवात केली.

"पाणी. साखर. मग कसल्यातरी रसायनाचा एक नंबर. मग संत्रं. मग आणखी एक नंबर. राममूर्ती, मी पस्तीस वर्षं नंबर शिकवले. प्यालो कधी नाही."

"शंभर टक्के शुद्ध आहे, सार. समोर लिहिलंय."

"माझी पोरंही पेपरावर 'मी पास' असं लिहून ठेवायची."

"सहा महिने टिकतो."

"संत्र्याला चार दिवसांत कुजायची लाज असते. याला काहीच नाही?"

हे सगळं तमिळमधून चाललं होतं. काका मराठीतून अपमान करत नसत. समोरच्याला कळला नाही तर वाया जातो. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "वेंकटेशा, काकूला सांग, पिळायला घे."

मी बाजारातून सहा संत्री आणली. काकू एकेका फोडीचं साल काढते, बी वेचते आणि मग फडक्यातून पिळते. घाईत बी चेपली की रस कडू होतो, असं तिचं म्हणणं. सहा संत्र्यांना पाऊण तास. बाहेर माणूस उपाशी आहे, असं मी सांगून पाहिलं.

"त्यांनी धरलंय उपोषण," काकू म्हणाली. "बियांना काय त्याचं?"

बाहेर फोटोग्राफर घड्याळ बघत होता. त्याला बस पकडायची होती आणि थांबा लांब होता. शेवटी साहेब वैतागले. "यात विष नाही, सार, हे बघा," असं म्हणून त्यांनी काकांच्या हातातल्या पुड्यात नळी खुपसून ती स्वतःच्या तोंडात घातली. फोटोग्राफरनं खटका दाबला आणि पळाला. साहेबही सही न करता तणतणत गेले. काकूचा पेला बाहेर आला, तो काकांनी परत केला. "आधी सही." रस मी प्यालो. कोणीतरी प्यायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. काका पुडा धरून आहेत, राममूर्ती डोळे मिटून ओढतायत. खाली ओळ: बसथांब्यासाठी उपोषणाला बसलेल्या अधिकाऱ्याला वृद्ध शिक्षकाच्या हस्ते रस.

आपलाच माणूस उपाशी बसलाय म्हटल्यावर वरचे हादरले. सही थेट वरून झाली. दुपारी खांब खड्ड्यात परत आला. काकूनं पुन्हा पाऊण तास घेतला. काकांनी पहिला घोट घेतला, म्हणाले, "आंबट आहे," आणि पेला रिकामा केला.

संध्याकाळी बसमधून राममूर्ती उतरले. त्यांना वरून शाबासकी मिळाली होती, आणि ती न केलेल्या उपोषणाबद्दल आहे हे कबूल करायची सोय नव्हती. ते काकूच्या दारात आले.

"अम्मा, कालपासून जिभेवर वार्निश चढल्यासारखं झालंय. तो पिळलेला रस... अर्धा पेला मिळेल?"

काकू पेला विसळत होती.

"तुमचं उपोषण काल सुटलं ना," ती म्हणाली आणि पेला पालथा घातला.