राखेचा फेस आणि कुंदाबाईंचा श्वास

सावद्याच्या अलीकडे, केळीच्या बागा संपतात तिथल्या माळावर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. दमेवाले महाराज बसायचे ना तिथे! चोपड्यापासून बोदवडपर्यंतची धापा टाकणारी माणसं गाड्या करकरून यायची. महाराज विड्याच्या पानावर आपल्या डब्यातली चिमूटभर राख ठेवायचे, वर लिंबू पिळायचे आणि राख फसफसून उठायची. छातीतली हडळ उकळली, असं महाराज जाहीर करायचे आणि माळभर हात जोडले जायचे. मग त्याच डब्यातली राख पाण्यातून प्यायची. जरा वेळाने माणूस मोठ्ठी ढेकर द्यायचा. ढेकर आली म्हणजे हडळ गेली. इतकी स्वस्तात निघणारी हडळ खानदेशात कुणी पाहिली नव्हती.

जीवराम पाटील तिथे गेला तो बायकोसाठी. कुंदाबाईंना जुना दमा. जेवून आडवं झालं की घशाशी आंबट यायचं, खोकला सुटायचा, मग छातीत शिट्ट्या वाजायच्या. राख प्यायल्यावर त्यांची जळजळ खरंच थांबली. "मले मोकळं वाटू राह्यलं," त्या म्हणाल्या आणि जीवरामचे डोळे भरून आले. म्हणून महाराजांनी श्वासाचा पंप मागितला तेव्हा त्यानेच तो पिशवीतून काढून दिला. हडळ पंपात घर करते म्हणे. मांडवाच्या दारातला पत्र्याचा ड्रम अशा पंपांनी अर्धा भरला होता.

त्या दिवशी प्रसाद भरीत-पुरीचा. बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, कुटलेलं हिरव्या मिरचीतलं वांग्याचं भरीत, वरून तेलाची धार. पोटभर खायचं आणि मांडवात उताणं पडायचं, म्हणजे उरलीसुरली हडळ उतरते, असा हुकूम. कुंदाबाई पडल्या. थोड्याच वेळात खोकला सुटला, शिट्ट्या वाजू लागल्या, ओठ निळे पडले. जीवराम ड्रमकडे धावला तर सेवेकऱ्यांनी त्याला धरून ठेवलं. हडळ झुंजते आहे, मध्ये पडू नका, असं सगळा मांडव त्याला समजावत होता. चांगली शहाणीसुरती माणसं, पण बाई गुदमरते आहे हे एकाच्याही लक्षात येईना. शेवटी पुतण्या योगराजने काकूला उचलून गाडीत घातलं.

सावद्याच्या डॉक्टर सुलक्षणाबाईंनी वाफेचं औषध दिलं, ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठे श्वास सुरळीत झाला. जीवरामने फसफसणाऱ्या राखेची हकीकत सांगितली, तेव्हा बाईंनी उदबत्तीच्या राखेत खाण्याचा सोडा मिसळला आणि वर लिंबू पिळलं. राख फसफसली. जीवराम बघतच राहिला.

"सोडा पोटातलं आम्ल मारतो, म्हणून जळजळ थांबली," बाई म्हणाल्या. "त्यातून वायू सुटतो, म्हणून ढेकर. दमा होता तिथेच आहे. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर चढतं, अन्ननलिकेला झोंबतं, कधी श्वासनळीपर्यंत पोचतं, आणि ती आवळते. सगळ्यांचं असं नसतं. यांचं आहे."

रात्री लवकर आणि बेताने जेवायचं, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, खाटेची उशाकडची बाजू उंच ठेवायची, आम्लाचं औषध घ्यायचं, आणि पंप सोडायचा नाही, असं त्यांनी बजावलं. हे त्यांनी मागेही सांगितलं होतं म्हणे. फेस काढून दाखवला नव्हता, एवढंच.

पुढच्या गुरुवारी जीवराम सोडा, राख नि लिंबू घेऊन माळावर गेला. भर गर्दीत त्याने फेस काढून दाखवला. लोक हसले. महाराजांची विद्या चोरली म्हणाले, श्रद्धा कमी पडली म्हणाले. घरी तर कुंदाबाईच शेजारणींना सांगत होत्या, की महाराजांच्या पुण्याईनेच डॉक्टरीण वेळेवर भेटली. आता कुणाकुणाशी भांडायचं?

तो नुसता ड्रमपाशी उभा राहिला. धापा टाकणाऱ्या पोराला कडेवर घेऊन एक बाई रांगेतून पुढे आली. हातात पोराचा पंप.

"ताई, राख पाजायची तर पाज," जीवराम म्हणाला, "पण हा टाकू नको. माझी बायको इथंच निळी पडली होती."

"मग तुम्ही कसा टाकला?"

"मी काहीच विचारलं नही. तू विचार. राखेत काय हाये, ते तरी विचार."

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग महाराजांकडे. मागच्यांनी ढकललं तशी ती पुढे सरकली. पंप अजून तिच्या मुठीत होता.