अल्फियसची शीळ

आमच्या किनाऱ्यावर पूर्वी प्रत्येक घराची आपली एक शीळ असे. रस्ता नव्हता, वीज नव्हती, घरं लांब लांब, आणि मधे कोकोच्या बागा नि रान. माणूस बागेत शिरला की दिसेनासा व्हायचा, मग घरच्यांना त्याचा पत्ता शिळेवरूनच लागायचा. आमच्या बाबांची शीळ म्हणजे दोन तोकड्या आणि एक लांब, खाली उतरत जाणारी. 'कुठे आहेस?' आई परसातून एकच लांब, वर चढणारी शीळ घाली. 'घरीच.' मग बाबा तीन तोकड्या घालत. 'निघालो, भात चढव.' त्यांचा पुढचा एक दात तुटलेला होता, त्यामुळे लांब शिळेच्या शेपटाला फस्स असा वारा सुटे. गावातली पोरं त्या फस्सची नक्कल करून आम्हाला चिडवायची.

बाबांचं नाव अल्फियस पामर. आमचं गाव मँगो क्रीक, लिमोन शहराच्या दक्षिणेला, पनामाच्या सीमेच्या थोडं अलीकडे. एकोणऐंशी साली कोकोवर रोग आला. शेंगा झाडावरच काळ्या पडून वर पांढरी बुरशी धरू लागल्या. लोक बागा सोडून शहरात गेले. बाबा गेले नाहीत. रोज कोयता घेऊन टेकाडावरच्या बागेत जायचे आणि रोगट शेंगा तोडून पुरत बसायचे. त्या ऑगस्टात एका सकाळी ते असेच गेले आणि परत आले नाहीत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, लिमोनला कपडे धुण्याच्या कामावर होते. धाकटा भाऊ ऑर्व्हिल त्या दिवशी शेवंडं पकडायला समुद्रावर होता. घरी एकटी आई होती. गावाने नऊ दिवस शोधलं. बाबांची टोपीसुद्धा सापडली नाही.

पुढे रस्ता झाला आणि रस्त्यामागून पाहुणे आले. प्रवाळ बघायला, काळ्या वाळूत लोळायला, झाडावर उलटा लटकलेला आळशी प्राणी बघून खूश व्हायला. मी घराला लागून तीन खोल्या काढल्या आणि नारळाच्या दुधातला भात नि घेवडा रांधू लागले. ऑर्व्हिल लोकांना रानात घेऊन जाऊ लागला. जग्वार दिसेल का, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "तुम्हाला नाही दिसणार, पण त्याला तुम्ही दिसाल."

तेवीस वर्षं अशी गेली. मग मारिट आली. हॉलंडची, पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिला पक्षी बघायचे नव्हते, ऐकायचे होते. खांद्याला यंत्र, हातात केसाळ टोपडं घातलेला माइक. सकाळी एखाद्या झाडाला माइक बांधायचा, लांब जाऊन बसायचं आणि दुपारी आमच्या ओसरीवर बसून सगळं परत ऐकायचं, असा तिचा दिवस. आईला, म्हणजे तिच्या मिस इसिल्डाला, तिचा फार लळा लागला. आई तेव्हा ऐंशीची होती. डोळ्यांपुढे धुकं आलेलं, पण कान तिखट. यंत्रात पाखरू बोललं की मारिटच्या आधी आई नाव सांगायची.

एका दुपारी मारिट म्हणाली की आज टेकाडावरच्या जुन्या बागेत एक नवाच आवाज मिळालाय, मिस इसिल्डा ओळखतील का बघू. मी तुरीच्या शेंगा सोलत होते, ऑर्व्हिल जिन्यात बसून बूट घासत होता. यंत्रातून किड्यांची किरकिर आली, लांबून माकडांचं ओरडणं आलं. मग दोन तोकड्या शिळा आणि एक लांब, खाली उतरत जाणारी. शेवटाला फस्स.

ऑर्व्हिलचा हात बुटावरच थांबला. मी आईकडे पाहिलं. तिने विचारबिचार काही केला नाही. ओठ पुढे काढले आणि उत्तर दिलं, एक लांब, वर चढणारी शीळ. तेवीस वर्षांत मी ती ऐकली नव्हती. आईची शीळ संपली, आणि यंत्रातून तीन तोकड्या शिळा आल्या.

मारिट एकदा आईकडे आणि एकदा यंत्राकडे बघत राहिली. तिने तो तुकडा पुन्हा लावला. पहिल्या शिळेनंतर सात सेकंद नुसती किरकिर होती, आणि मग त्या तीन तोकड्या. आईचं उत्तर त्या सात सेकंदांत चपखल बसलं होतं.

आई उठून आत गेली आणि भात चढवला. दुपारचे तीन वाजले होते, आमची जेवणं झाली होती.

रात्री अंथरुणावर पडायच्या आधी ऑर्व्हिलने मला समजावलं की हे पाखराचंच काम. बाबा वीस वर्षं त्या बागेत रोज शीळ घालत होते, एखाद्या पाखराने उचलली असेल, पिलांना शिकवली असेल, पिलांनी त्यांच्या पिलांना. मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटायला हवं होतं. बाबांचं काही तरी रानात जिवंत आहे, आणि ते पाखरांच्या गळ्यात आहे, यात भिण्यासारखं काय होतं?

सकाळी मी, ऑर्व्हिल आणि मारिट ते पाखरू बघायला निघालो. किनाऱ्याने ओढ्यापर्यंत, ओढा ओलांडून दलदल, दलदलीला वळसा घालून टेकाड. चालायला तास लागतो, पण सरळ रेषेत आमचं घर तिथून फार लांब नाही. बाग आता ओळखूसुद्धा येत नव्हती. कोकोची झाडं उभी होती, पण त्यांच्यावर वेली, वेलींवर शेवाळ, आणि मधूनच एखादी काळी वाळकी शेंग. मारिटने माइक धरला आणि आम्ही गप्प उभे राहिलो.

दहाच्या सुमारास शीळ आली. समोरून, वीस पावलांवरच्या रानकेळींमधून. पाखराची शीळ उंचावरून येते. ही माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून आली. फस्स ऐकताना मला ओला ओठ ऐकू आल्यासारखं वाटलं.

ऑर्व्हिलने तोंड उघडलं तसं मी त्याचं मनगट धरलं. रानातून हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही, हे आम्हाला आईनेच लहानपणी शिकवलं होतं. त्याने ओठ मिटले. आम्ही कुणीच ओ दिली नाही. पण उत्तर आलं. लांबून, खालून, आमच्या घराच्या बाजूने एक बारीक, वर चढणारी शीळ आली. आई ओसरीवर बसून उत्तर देत होती.

रानकेळीचं एक पान हललं. मग तीन तोकड्या शिळा आल्या, त्या समोरून नव्हे. आमच्या पाठीमागून, ज्या वाटेने आम्ही आलो होतो त्या वाटेवरून.

"चला," ऑर्व्हिल म्हणाला. "घरी चला, आत्ता."

त्या बागेत तो रांगायला शिकला होता. तरी आम्हाला बाहेर पडायला दोन तास लागले. वाट धरावी आणि फिरून त्याच झाडापाशी यावं. तीनदा ते झाड आलं. चौथ्यांदा आलं तेव्हा मारिट रडू लागली, आवाज न करता, चालता चालता. चकव्याच्या गोष्टी मीच पाहुण्यांना जेवताना रंगवून सांगायचे. त्या दिवशी आम्ही तिघं हात धरून चालत होतो आणि एकमेकांना नाव घेऊन हाक मारायची हिंमत कुणाला होत नव्हती. शेवटी लाटांचा आवाज आला आणि त्या आवाजामागे आम्ही किनाऱ्यावर उतरलो.

घरी आई टेबलाशी बसली होती. समोर बाबांची निळ्या काठाची थाळी, भाताने भरलेली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीतीही नव्हती. गुन्हा कबूल करायला आलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

"बसा," ती म्हणाली. "त्या दिवशीही त्याने शीळ घातली होती."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. आईला गाव सोडून लिमोनला बहिणीकडे जायचं होतं, बाबा ऐकत नव्हते. झाडांशीच लग्न लाव, असं ती त्यांना म्हणाली होती. ते कोयता घेऊन निघून गेले. दहाला टेकाडावरून त्यांची शीळ आली. ती परसात बसली होती. रागाने ओठ घट्ट मिटून बसून राहिली. पुन्हा आली, पुन्हा बसून राहिली. दुपारपर्यंत शीळ येत होती. मग मधलं अंतर वाढत गेलं. मग यायची थांबली.

"मला वाटलं, मनधरणी करतोय," आई म्हणाली. "करू दे म्हटलं."

ऑर्व्हिलने विचारलं की मग लोक शोधायला निघाले तेव्हा टेकाडाकडे जा असं का नाही सांगितलं. ओढा ओलांडताना बाबा वाहून गेले असं समजून पहिले दोन दिवस सगळे ओढ्याकडेच शोधत होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"सांगितलं असतं तर विचारलं असतं, ओ का नाही दिलीस."

ऑर्व्हिल उठला आणि बाहेर गेला. तीन दिवस तो आईशी बोलला नाही. मारिटने त्याच संध्याकाळी आमच्यासमोर तो आवाज पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती गेली. निघताना तिने माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली की ते पाखरू नव्हतं.

त्यानंतर शीळ रोज येऊ लागली. रोज दहाला. आई उत्तर द्यायची आणि तीन तोकड्या यायच्या. पहिले काही दिवस टेकाडावरून, मग दलदलीतून, मग ओढ्याच्या पलीकडून. एका शनिवारी ती ओढ्याच्या अलीकडून आली. खोलीतल्या पाहुण्यांना मजा वाटायची. एका जोडप्याने ती शिकून घेतली आणि न्याहारी करताना एकमेकांना घालू लागले. मी त्यांच्यावर इतकी खेकसले की ते त्याच दुपारी दुसरीकडे राहायला गेले. किनाऱ्यावरच्या बदामाच्या झाडांखालून शीळ आली त्या दिवशी आमचा कुत्रा घर सोडून गेला, तो पुढे शेजारच्या गावात सापडला आणि दोरी बांधूनही परत येईना.

ऑर्व्हिल आईला म्हणाला, चल, लिमोनला मावशीकडे जाऊ. आई हसली. त्या महिन्यात हसलेली ती तेवढीच.

"मी जाऊ या म्हणत होते तेव्हा तो येत नव्हता. आता तो येतोय तर मी जाऊ?"

अकराव्या दिवशी मी पाहुण्यांना खोल्या दिल्या नाहीत. सकाळी आईने अंघोळ केली, चर्चला जायचा पांढरा झगा घातला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. परसात नीरफणसाचं झाड आहे, दारापासून दहा पावलांवर. दहाला शीळ त्या झाडामागून आली. इतक्या जवळून, की फस्सबरोबर मला कोकोचा आंबूस वास आला. ऑर्व्हिल माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

आईने शीळ घातली नाही. चौकटीला धरून सरळ बोलली, रोज बोलावं तशा आवाजात.

"अल्फियस, मी ऐकलं होतं. त्या दिवशी सगळ्या वेळा ऐकलं. मुद्दाम ओ दिली नाही."

आम्ही थांबलो. झाडाच्या मोठ्या पानांवर ऊन होतं, एकही पान हललं नाही. तीन तोकड्या शिळा आल्या नाहीत. त्या सकाळी परसात एकही पाखरू बोललं नाही, आणि समुद्र सोडला तर कशाचाच आवाज नव्हता. आई तासभर तशीच उभी होती. शेवटी मी तिला धरून आत आणलं. ऑर्व्हिल कोयता घेऊन झाडामागे बघून आला. माती ओली होती, आणि मातीवर काहीच नव्हतं.

मला वाटलं, सुटलो. एवढंच हवं असेल बाबांना, खरं काय ते ऐकायचं असेल.

आईला तसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दहाला ती ओसरीवर बसली आणि स्वतःच शीळ घातली. बाबांची नव्हे, आपलीच, वर चढणारी. उत्तर आलं नाही. पुन्हा घातली. दुपारपर्यंत घालत राहिली. तिसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, आई, बाबा गेले असतील, पुरे कर. ती म्हणाली, "गेला नाही. ऐकतोय. ओठ मिटून बसलाय."

वर्षभर ते चाललं. तिच्या ओठांना भेगा पडल्या, मी रोज खोबरेल लावायचे. शीळ बारीक होत गेली, पण एकही दिवस चुकला नाही. पाहुण्यांना मी सांगायचे, म्हातारपण आहे. ऑर्व्हिलने रानात लोकांना नेणं सोडलं आणि होडीतून प्रवाळ दाखवायला लागला.

फेब्रुवारीत एकदा मला तिची दशा बघवेना. मनात आलं, आपणच उत्तर द्यावं. तीन तोकड्या शिळा, त्यात काय कठीण? तिचे डोळे तर गेलेच होते. मी मागच्या दाराने निघाले आणि नीरफणसाच्या झाडामागे जाऊन उभी राहिले. ओसरीवरून तिची शीळ आली. मी ओठ पुढे काढले, आणि मला जाणवलं की माझ्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, कुणीतरी श्वास रोखून ऐकतंय. कोकोचा आंबूस वास आला. मी मान वळवली नाही. ओठ मिटले आणि एकेक पाऊल टाकत घरात आले.

आईने विचारलं, "तिथे आहे ना तो?"

मी म्हटलं, "कुणी नाही, आई. जेवायला चल."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, दिसत नसताना. मग उठली आणि जेवायला आली. ईस्टरच्या आधल्या आठवड्यात ती झोपेतच गेली. तिला आम्ही चर्चच्या मागे, समुद्राच्या बाजूला पुरलं. शवपेटी खाली उतरत असताना ऑर्व्हिल सारखा रानाकडे बघत होता. मी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं.