रिकामं राहिलेलं सूप

मी एक जुनं सूप आहे, मित्रांनो. हल्लीच्या मुलांना सूप म्हटलं की वाटीतलं, टोमॅटोचं आठवतं. ते माझं कुणी लागत नाही. मी बांबूचं, धान्य पाखडायचं सूप. नेरळजवळच्या पोशीर गावात, धाकलूदादांच्या ओटीवरच्या खुंटीला माझा मुक्काम असतो.

डोंगराकडच्या वाडीत जैतू नावाचे एक कारागीर होते. त्यांनी बांबूच्या पातळ पातळ कामट्या काढून मला विणलं. धाकलूदादांच्या आई, जिजाआजी, यांनी मला घरी आणलं. शेण आणि भिजवलेल्या मेथीचा लेप देऊन माझी भोकं बुजवली आणि मला उन्हात वाळवलं. मग कितीतरी वर्षं या घरचा तांदूळ माझ्यातून गेल्याशिवाय चुलीवर चढला नाही. जिजाआजींच्या हातात मी असा नाचायचो की फोल अंगणात, कणी एका बाजूला आणि तांदूळ माझ्या पोटाशी. ‘जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात’ अशी म्हण आहे. माझ्यातले हसतात हे मात्र अगदी खरं. त्याचं कारण वेगळंच आहे.

या घरात मूल जन्मलं की ते आधी माझ्यात ठेवायचं आणि मग पाळण्यात, अशी रीत होती. तळाशी मूठभर तांदूळ, त्यावर जुन्या लुगड्याची मऊ घडी आणि घडीवर ते एवढंसं बाळ. धाकलूदादांची लेक श्रद्धा माझ्यात आली तेव्हा तिने अशी लाथ मारली की तांदूळ पार उंबऱ्यापर्यंत उडाले. सगळे हसले. मला फार अभिमान वाटला. अभिमान हा माझा जुना दुर्गुण आहे, तो तुम्हाला पुढेही दिसेल.

मग जिजाआजी गेल्या आणि दिवस बदलले. गिरणीतून तांदूळ साफ होऊन येऊ लागला. बाजारातून एक निळं प्लॅस्टिकचं सूप आलं आणि माझ्या डोळ्यांदेखत कामाला लागलं. माझ्यावर जाळी धरली, एका कोपऱ्याला भुंगा लागला. तरी मी मनाची समजूत घालत होतो. श्रद्धाचं लग्न झालं होतं, ती लोधिवलीला सासरी नांदत होती. तिला मूल झालं की या घराला माझी आठवण येणारच होती.

आणि खरंच, सातव्या महिन्यात ओटी भरून श्रद्धा माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हीही इथली रीत. पण या वेळी कुणी हसत नव्हतं. श्रद्धाचा नवरा जितेश तिला पोचवायला आला होता. त्याने ओटीवर बसून सासू-सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात दोष दिसला होता. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या एकमेकींच्या जागी जोडल्या गेल्या होत्या. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाळंतपण त्यांच्याच इस्पितळात झालं पाहिजे. जन्मल्याबरोबर बाळाला औषध सुरू करावं लागेल आणि थोड्याच दिवसांत ऑपरेशन. त्यासाठी आठव्या महिन्यातच मुंबईला येऊन राहा, असं त्यांचं म्हणणं होतं.

श्रद्धाच्या आईने, जयवंताबाईने, रिपोर्टांच्या फाईलची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली. मग म्हणाली, “आठव्यात बाईला घरातून हलवत नायत, जावयबापू. आमच्यात कुणीच हलवत नाय. नववा लागू द्या, मंग बघू.”

खरं सांगायचं तर नववा लागल्यावरही तिला काही बघायचं नव्हतं. तिचा हिशेब साधा होता. बाळ पोटात छान खेळत होतं. तिने स्वतः हात लावून त्याच्या लाथा मोजल्या होत्या. पोटात धडधाकट असलेलं पोर बाहेर आल्यावर चार दिवसांत काय बिघडेल? नेरळला बाळंतपण करू, सुपात ठेवू, पाचवी पुजू आणि मग नेऊ की मुंबईला. तिच्या जागी असतात तर तुम्हालाही हे पटलं असतं, कारण पोटातलं बाळ खरोखर मजेत होतं.

शेजारणींना तिने यातलं काही सांगितलं नाही. ग्रहणात श्रद्धाने भाजी चिरली असेल, नाहीतर सुईदोरा घेतला असेल, असं बोलतील याची तिला धास्ती होती. कुणी विचारलं की “सगलं बरं हाय” म्हणायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. मी खुंटीवरून सगळं बघत होतो.

आठवा लागला आणि एका सकाळी तिने मला खाली काढलं. जाळी झाडली, भुंगा लागलेला कोपरा तारेने शिवला आणि ताज्या शेणामेथीचा लेप देऊन मला अंगणात वाळत घातलं. मित्रांनो, मला तरुण झाल्यासारखं वाटलं! तेवढ्यात श्रद्धा दारात आली. तिने आधी माझ्याकडे आणि मग आईकडे बघितलं.

“आई, माझं बाळ यात ठेवायचं नाय.”

“का गं? तू यातच होतीस ना? तुला काय झालं?”

“मला काय झालं नाय, कारण माझं हृदय चांगलं होतं.” श्रद्धाने पोटावर हात ठेवला. “त्याला जरासाही जंतू लागला तर ऑपरेशन पुढं ढकलावं लागंल. आणि आई, पोटात ते बरं हाय कारण त्याचा श्वास मी घेतेय. नाळ कापली का माझा श्वास त्याला पोचायचा नाय. तू हे समजूनच घेत नायस.”

जयवंताबाईने मला उचलून दुसऱ्या बाजूने उन्हात ठेवलं. मला मात्र श्रद्धाचा भयंकर राग आला. जिने माझ्यात लाथा मारल्या, तीच आता मला घाणेरडं म्हणते! मी दिवसभर धुमसत होतो.

पुढचा रविवार. जितेश खालापूरकडच्या त्याच्या कंपनीत ड्युटीवर होता. तिथे फोन गेटवरच जमा करतात. दुपारी जेवणं चालली असताना श्रद्धाच्या पोटात कळ आली, मागोमाग दुसरी. धाकलूदादा धावत जाऊन शेजारच्या हमिदाखालाच्या लेकाला, राहीलला, घेऊन आले. राहीलची ईको गाडी भाड्याने चालते. तो जेवता जेवता उठून, हात धुऊन निघाला. श्रद्धा ओरडत होती, “आई, पिशवी घे! फाईलची पिशवी!” जयवंताबाई आत धावली, बाहेर आली, पुन्हा आत धावली आणि शेवटी गाडीत बसली तेव्हा तिच्या हातात मी होतो.

तिला स्वतःलाही ते कळलं नव्हतं. डोक्यात जे अनेक दिवस घोळत होतं, तेच हाताने उचललं. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीत बसलो, आणि तेही अशा वेळी.

माथेरानला आलेल्या पर्यटकांच्या गाड्यांनी नेरळचा रस्ता तुंबला होता. राहील हॉर्न वाजवत होता, खिडकीतून डोकं काढून “अरे पोटुशी बाई हाय रं गाडीत!” म्हणून ओरडत होता. गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. मागच्या सीटवर श्रद्धा आईचा दंड घट्ट धरून बसली होती. ती एकसारखी म्हणत होती, “आत्ता नको बाळा, आत्ता नको, इथं नको.” ते शब्द ऐकले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

कसेबसे कर्जतच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी श्रद्धाला आत घेतलं आणि बाहेर येऊन विचारलं, “बाळाच्या हृदयाचे रिपोर्ट कुठे आहेत? फाईल द्या.” जयवंताबाईने हात पुढे केला. हातात सूप. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “आई, या कळा खोट्या आहेत, थांबतील. पण इथे लहान बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन होत नाही. ते आज जन्मलं असतं, तर त्याला निळं पडताना बघत मुंबईच्या गाडीची वाट बघावी लागली असती. मीही दुसरं काही करू शकले नसते.”

कळा थांबल्या. तरी संध्याकाळपर्यंत श्रद्धाला निजवून ठेवायचं ठरलं. जयवंताबाई मला मांडीवर घेऊन बाकावर बसली. येणारी-जाणारी माणसं वळून बघत होती. एका बाईने तर जवळ येऊन विचारलं, “केवढ्याला दिलं सूप, मावशी?” जयवंताबाईने मान हलवली आणि ती पदर तोंडात धरून रडायला लागली. ती बाई बिचारी घाबरून गेली.

त्या बाकावर मी स्वतःकडे नीट बघितलं. शेणाचा लेप. कामट्यांत साठलेली कितीतरी वर्षांची धूळ. कोपऱ्यातला भुंगा तारेखालीही जिवंत होता, मला तो जाणवत होता. आयुष्यभर मी फोल कुठलं आणि दाणा कुठला हे निवडत आलो, आणि माझ्याच अभिमानातलं फोल मला दिसलं नव्हतं. श्रद्धा माझा अपमान करत नव्हती. ती आपल्या बाळाला वाचवत होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, मित्रांनो.

आम्ही घरी पोचलो तेव्हा जितेश कंपनीच्या कपड्यांतच धावत आला होता. जयवंताबाईने त्याला बसूही दिलं नाही. “जावयबापू, उद्याच न्या तिला मुंबईला.”

धाकलूदादा चाचरत म्हणाले, “अगं, पण आठवा हाय. आणि पयली वेळ माहेरची...”

“आठवा हाय ते ठाव हाय मला. मी जाते ना तिच्यासंगती. आई जिथं, तिथं माहेर!”

श्रद्धा उठून आईच्या गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी हमिदाखालाने वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या करून दिल्या आणि श्रद्धाच्या डोक्यावर हात ठेवला. “अल्ला हाय गं. घाबरू नको,” म्हणाली. समोरची जना तोंडाला पदर लावून पुटपुटली, “आठव्यात चालल्या!” जयवंताबाईने तिला थेट सांगितलं, “बाळाच्या हृदयात दोष हाय, जना. म्हणून चाललोय.” जना चटकन पुढे आली आणि तिने सामानाची एक पिशवी उचलली. फाईलची पिशवी मात्र जयवंताबाईने छातीशी धरली होती. मला तिने स्वतःच्या हाताने परत खुंटीला टांगलं.

मग घरात धाकलूदादा आणि मी, दोघंच. इस्पितळाजवळच्या धर्मशाळेत मायलेकी राहत होत्या. रोज फोन यायचा आणि धाकलूदादा बोलणं संपल्यावरही फोन कानाला लावून बसायचे. नववा महिना सरत आला तेव्हा एका सकाळी जयवंताबाईचा आवाज आला. “मुलगी झाली. रडली. जराच रडली, आणि लगेच नेली तिला आत.” श्रद्धाने तिला फक्त लांबून बघितलं होतं. तिला कुशीत घ्यायला मिळालं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी धाकलूदादांना घरी थांबवेना आणि मुंबईला गेलं तरी कुणी आत सोडणार नव्हतं. ते ओटीवर येरझारा घालत राहिले. मग त्यांनी मला खाली काढलं, कोठीतून तांदूळ आणला आणि पाखडायला बसले. आमच्याकडे पुरुष सुपाला हात लावत नाहीत. त्यांना ते येतही नव्हतं. निम्मा तांदूळ अंगणात गेला आणि गावातल्या कोंबड्यांची चंगळ झाली. तरी ते पाखडत राहिले आणि मी त्यांना जमेल तशी साथ देत राहिलो. फोन वाजला तेव्हा उचलता उचलता तो त्यांच्या हातून माझ्यातच पडला, म्हणून जितेश काय बोलला ते आधी मलाच कळलं. नळ्या जागच्या जागी जोडल्या होत्या. मुलगी यंत्रावर होती. पुढचे काही दिवस डॉक्टर काहीच सांगणार नव्हते.

मित्रांनो, ती अजून घरी आलेली नाही. यंत्र काढलं आहे, ती आपली आपण श्वास घेते आहे, पण तिला खूप जपायचं आहे. इकडे शेजारणी विचारू लागल्या आहेत, “सुपात कधी ठेवणार?” त्यांची माया खोटी नाही. पण तुम्हाला माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी असं नाजूक बाळ येणार असेल, तर तुम्हाला त्याला काय द्यायचं आहे ते नंतर बघा. त्याला काय हवं आहे ते आधी विचारा. कुणाला जवळ घेण्यात जितकी माया असते, तितकीच कधी कधी लांब राहण्यातही असते. हे मला फार उशिरा कळलं.

ती येईल त्या दिवशी कुणी मला खुंटीवरून काढू नये. मी इथूनच बघेन. तिची छाती वर-खाली होताना दिसली, तरी मला पुरे आहे.