धाकट्याची फुली

मी गालिचा बोलतोय. मूळचा दिवाणखान्यातला, पण आयुष्य गेलं ड्रमखाली. "एका दिवसासाठी नेतो" म्हणून मला नेलं आणि परत यायला नऊ वर्षं लागली. असलं गणित कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे!

झालं असं, की घरातली थोरली ड्रम वाजवायची आणि धाकटा गायचा. गॅरेजची फरशी गुळगुळीत. पायाने वाजवायचा मोठा ड्रम दर ठोक्याला पुढे सरकायचा आणि थोरली स्टुलासकट त्याच्या मागे. मग आईचा डोळा चुकवून दोघांनी मला गुंडाळून आणलं आणि ड्रम माझ्या छातीवर ठेवला. त्यानंतर तो तसूभरही हलला नाही. कौतुक मात्र सगळं धाकट्याच्या आवाजाचं.

सोबतीला दोघे होते. गिटारवाला दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. बेसवाला कशालाही "चालेल" म्हणायचा. गाणी चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण बँडच्या नावावरून दोन-दोन महिने भांडणं! चार वेळा नाव बदललं, आणि जुन्या नावाच्या टी-शर्टांनी माझ्यावर सांडलेली कॉफी पुसली. कुठल्याही कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, अशी शपथही झाली. बांधायला कोणती कंपनी आली होती, ते मला तरी दिसलं नाही.

कोणी कुठे उभं राहायचं यासाठी थोरलीने माझ्यावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. कुठेही कार्यक्रम असो, मला अंथरायचं आणि ज्याने त्याने आपली फुली गाठायची. धाकट्याची फुली तिच्या डाव्या हाताला, अगदी जवळ. ती काठ्यांवर चार मोजायची आणि हा अर्धा ठोका उशिरा सुरू करायचा. सांगून सांगून ती थकली. शेवटी तीच त्याला सांभाळून घ्यायला शिकली.

गॅरेजमध्येच त्यांनी एक गाणं रेकॉर्ड केलं. मध्ये शेजारचा कुत्रा भुंकला, तर म्हणे, "राहू दे, खरं वाटतं." नेमकं तेच गाणं गाजलं. झालं! धाकट्याने आपली फुली उपटून वीतभर पुढे लावली.

"ताई, लोकांना मी दिसायला हवा ना."

पुढच्या वर्षी आणखी वीतभर. अरे, ड्रम सरकू नये म्हणून मला आणलंत, आणि हा अख्खा माणूस सरकतोय त्याचं काय? बेसवाला म्हणाला, "चालेल." फुली माझ्या झालरीपर्यंत आली, आणि एका कार्यक्रमात हा माझ्यावरून उतरूनच उभा राहिला. थोरलीने चार मोजले. तिघे सुरू झाले. हा मात्र हात वर करून लोकांना सांगत होता, की पुढच्या महिन्यापासून मी एकटा गाणार. थोरलीलाही ते तेव्हाच कळलं.

दोन वर्षं बहीणभावाचं बोलणं बंद. ड्रम माळ्यावर गेला, मी आईकडे परत. आईने मला चोप चोप चोपलं. चिकटपट्ट्या निघाल्या, पण फुल्यांचे डाग काही गेले नाहीत.

परवा धाकटा आला. एकट्याचं काही जमलं नव्हतं, ते तोंडावरच दिसत होतं. ड्रमने पाडलेल्या खड्ड्यांवर खुर्ची टाकून थोरली चहा पीत होती. तिने मान वर केली नाही. हा क्षणभर दारात घुटमळला आणि मग सरळ येऊन तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या डागावर उभा राहिला.

"आधी बूट काढ," आई म्हणाली. "आत्ता कुठे स्वच्छ झालाय तो."

त्याने बूट काढले. "ताई, माझं चुकलं गं."

थोरलीने दोन चमचे उचलले आणि बशीच्या कडेवर चार मोजले.

हा गायला लागला. अर्धा ठोका उशिरा! अकरा वर्षं झाली, तरी शिकला नाही. तिने नेहमीसारखं सांभाळून घेतलं.

बाबांनो, बँड पुन्हा काढायचा तर काढा. सहावं नाव ठेवा, माझ्यावर कॉफी सांडा, मी येतो मुकाट्याने ड्रमखाली. फक्त एवढं ऐका: या पोराची फुली आता चिकटपट्टीने लावू नका. सुईदोरा घ्या आणि शिवून टाका.