पंढरीशेठच्या छातीचे सहहिस्सेदार

पंढरीशेठ जगले. पण हे मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही ऐकलेलं नाही. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झालीयत आणि कोपर गावचे पंढरीशेठ, वय अठ्ठावन्न, आमच्या कॅज्युअल्टीत घामाने निथळत पडलेत. त्यांचा ईसीजी बघून माझ्याच छातीत कळ आली. मोठा हार्ट अटॅक. अँजिओप्लास्टीसाठी ठाण्याला न्यायचं तर दीड तास रस्त्यातच जाणार. म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, इथेच, आत्ता. शंभरात एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून संमतीच्या फॉर्मवर सही लागते.

मी बाहेर येऊन विचारलं, "नातेवाईक कोण?"

छत्तीस जण उभे राहिले.

धाकटे भाऊ आबा पुढे आले. मी धोका सांगितला, फायदा सांगितला, पेन दिलं. त्यांनी फॉर्म उलटा करून बघितला.

"बाकीच्यांच्या सह्या कुठं?"

"एकच पुरते, काका."

"आसं कसं? मागं एका भावाची सही राह्यली, चौदा वर्सं कोरटात गेली."

"काका, ही जमीन नाहीये. हार्ट आहे!"

"मंग? तो काय एकट्याचा हाय?"

लगेच फोन लागले. कळव्याची बहीण निघाली. पुतण्या हर्षित आधार कार्डांच्या झेरॉक्स काढायला धावला. कोणीतरी दोन साक्षीदार उभे केले. त्यातला एक दुसऱ्याच पेशंटचा नातेवाईक होता, पण उत्साही होता.

अकरा अठरा. शीला सिस्टर सिरिंज भरून दारात आल्या.

"सर, पेशंट शुद्धीवर आहे. त्यांना विचारलंत?"

एमबीबीएसची साडेपाच वर्षं माझ्यासमोरून मान खाली घालून गेली. मी आत पळालो, धापा टाकत सगळं परत सांगितलं.

"मना आता इचारतंय?" पंढरीशेठ कण्हले. "आन तो कागुद!"

सही केली. वर सवयीने अंगठाही लावला.

अकरा एकवीसला इंजेक्शन गेलं. साडेबाराला ईसीजीची उंच चढलेली रेघ खाली बसली, कळ थांबली, आणि मी चक्क उडी मारली. शीला सिस्टरनी ती केसपेपरवर लिहिली नाही.

आबा मात्र नाराज. परस्पर व्यवहार झाला म्हणे. संध्याकाळी छत्तीस सह्यांचा अर्ज आला:

"तरी यापुढे श्री. पंढरी यांस झटका येणार असल्यास, पंधरा दिवस अगोदर स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन सर्व सहहिस्सेदारांच्या हरकती मागवाव्यात, व त्यांचे निवारण होईपर्यंत सदर झटका स्थगित ठेवावा, ही नम्र विनंती."