हेझलचा गुडघा

फेब्रुवारीपासून हे भिजत घोंगडं पडलं होतं आणि आता मे निम्मा सरला होता. क्लिफर्डने एका वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे ‘ट्रेलर टेंट’ आणि उजवीकडे ‘फोल्डिंग कॅम्पर’ असं लिहिलं होतं आणि रोज संध्याकाळी चहा झाला की तो दोन्हीकडे काहीतरी भर घालायचा. छत्तीस वर्षं संसार केला, दोन मुली वाढवल्या, सासूचं सगळं निगुतीनं केलं, आणि आता या वयात रोज चाकांची रुंदी ऐकायची. हेझलला वाटायचं, ती वही चुलीत घालावी. पण इंग्लंडातल्या बार्न्सली गावातल्या त्या घरात चूल कुठली असायला? गॅसचा हीटर होता.

प्रश्न तरी किती मोठा? दोन्ही म्हणजे सुट्टीत राहायला मोटारीमागे ओढून न्यायच्या ट्रॉल्याच, त्यांतली घ्यायची कुठली एवढंच. ट्रेलर टेंटमधला तंबू जमिनीवर उलगडायचा, वीसेक दांडे एकात एक बसवायचे, खुंट्या ठोकायच्या आणि तासाभराने आत बसायचं. कॅम्परचं झाकण उघडलं की दोन्हीकडे पलंग सरकतात, छत वर जातं आणि दहा मिनिटांत चहाचं आधण. पण क्लिफर्ड म्हणजे सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

“कॅम्पर हे म्हाताऱ्यांचं काम,” तो म्हणायचा. “त्यापेक्षा सरळ हॉटेलात जाऊन झोपावं.”

“झोपू या की मग. मी कुठे नाही म्हणते?”

“तंबू म्हटला की दांडे आलेच, हेझल.”

आणि घोडं अडलं होतं ते त्या दांड्यांपाशीच. नोव्हेंबरपासून क्लिफर्डचा उजवा हात थरथरत होता. कप बशीवर वाजायला लागला तसा त्याने बशी घेणं सोडलं. शर्टाच्या गुंड्या जमेनात तसा तो डोक्यातून घालायचे स्वेटर वापरायला लागला. हेझलला सगळं दिसत होतं, तिला दिसतंय हे त्याला ठाऊक होतं, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप. अनोळखी बाईच्या मूळव्याधीबद्दल बसच्या रांगेत अर्धा तास बोलणारी ही माणसं. पण नवऱ्याशी नवऱ्याच्या हाताबद्दल बोलायचं म्हणजे फारच झालं. जानेवारीत एकदाच ती म्हणाली होती, “डॉक्टरांना दाखव ना.” त्यावर तो भर पावसात बाहेर जाऊन तासभर पन्हाळ बघत उभा राहिला होता.

तिला धास्ती होती ती दोघं दर सुट्टीत जायची त्या फायली गावच्या समुद्रावरल्या तंबूवाल्यांची. तिथे नवी गाडी शिरली की शेजारचे सगळे खुर्च्या बाहेर ओढतात, हातात चहाचे मग घेतात आणि येणारा माणूस तंबू कसा उभारतो ते बघत बसतात. मदतीला कोणी उठत नाही, नुसतं बघतात. तीस वर्षं क्लिफर्ड स्वतः असाच बघत बसला होता. “याला पहिला दांडा कुठला तेच कळत नाही,” असं पुटपुटायचा. आता ती सगळी नजर त्याच्या हातावर पडली असती, आणि मग हा माणूस पुन्हा घराबाहेर पडला नसता. हे तिला पक्कं माहीत होतं.

शनिवारी दोघं गावाबाहेरच्या तंबू-कॅम्परच्या दुकानाच्या मैदानात गेली. विक्रेता गॅविन, टक्कल पडलेला आणि फार गोड बोलणारा. त्याने कॅम्पर झटक्यात उघडून दाखवला. क्लिफर्डने कॅम्परला एक प्रदक्षिणा घातली.

“छान आहे. ज्यांना लागतो त्यांना.”

मग ट्रेलर टेंट. “आमच्याकडे गिऱ्हाइकानंच एकदा उभारून बघायचा असतो साहेब,” गॅविन म्हणाला. “म्हणजे नंतर तक्रार नको.”

क्लिफर्डने कोट काढला. पहिला दांडा बसला. दुसराही बसला. तिसऱ्याला मात्र खांद्यावर कापड तोलून टोकात टोक घालायचं होतं, आणि तिथे हाताने दगा दिला. धातूवर धातू टकटक वाजायला लागला. पलीकडे एक जोडपं हातात चहा घेऊन बघत उभं राहिलं. दांडा निसटून पडला. त्याने उचलला. पुन्हा पडला.

“वारा आहे जरा,” क्लिफर्ड म्हणाला.

दुकानावरचे झेंडे मरगळून लोंबत होते.

हेझल मटकन गवतात बसली. “माझा गुडघा,” ती म्हणाली.

गॅविन खुर्ची आणायला धावला. “कुठला हो बाई?”

“उजवा. वर्ष झालं दुखतोय. क्लिफर्ड, मी बोलले नाही तुला. पण वाकून दांडे धरायला मला नाही जमायचं. आपल्याला कॅम्परच घ्यावा लागेल.”

खरं सांगायचं तर दर बुधवारी ती बायकांच्या गटाबरोबर टेकड्यांवर नऊ मैल चालायची आणि तिच्याहून वीस वर्षांनी लहान बायका मागे धापा टाकायच्या. ओल्या गवतात बसल्या बसल्या तिला संताप आला. दुखणं याचं आणि लंगडायचं मी!

क्लिफर्डने दांडा खाली ठेवला. मग तिच्या गुडघ्याकडे बघितलं.

“सांगायचंस की आधी,” तो म्हणाला.

असं म्हणाला तो! हेझलने दात आवळले.

पुढे तर कहरच झाला. मुलींना, शेजाऱ्यांना, ज्याला त्याला तो सांगत सुटला, “मला टेंटच हवा होता, पण हेझलचा गुडघा.” शेजारणीने घोड्याला लावायचं असावं तसल्या वासाचं मलम आणून दिलं. बुधवारच्या बायकांनी लवकर बरी हो म्हणून कार्ड पाठवलं. तिचं चालणं बंद झालं. साधं पोस्टात जायचं तरी लंगडत.

मेअखेरच्या सुट्टीत दोघं फायलीला गेली. कॅम्पर दहा मिनिटांत उभा राहिला. बघणाऱ्यांचे मग अर्धेसुद्धा रिकामे झाले नव्हते. दुपारी ती नळावरून पाण्याचा कॅन घेऊन लंगडत येत होती, तेव्हा क्लिफर्ड पुढे आला आणि त्याने कॅनची दुसरी बाजू धरली.

“हेझल.”

“काय आता?”

“आज डावा पाय लंगडतोय तुझा.”

ती थांबली.

“दुकानात उजवा होता,” तो म्हणाला. “पोस्टात जातानाही उजवाच.”

“तुला माहीत होतं?” तिचा आवाज चढला. “मग गप्प का बसलास? माझं चालणं गेलं, ते घाणेरडं मलम चोळलं मी, त्या बायकांशी खोटं बोलले...”

“तू इतकी मन लावून लंगडत होतीस. मला काय बोलावं सुचेना.”

त्याने कॅन खाली ठेवला आणि उजवा हात दोघांच्या मध्ये पुढे केला. भर उन्हात, सगळ्या खुर्च्यांसमोर. हात थरथरत होता आणि तो लपवत नव्हता.

“मला भीती वाटते गं,” क्लिफर्ड म्हणाला.

हेझलने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तरी तो थांबला नाही. तिला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

“घरी गेलो की पहिला डॉक्टरांना फोन,” ती म्हणाली. “मी करते.”

“नको, मी करतो. तू फक्त बरोबर ये,” तो म्हणाला. “आणि सरळ चालत ये.”